स्वीडनचं नवं संगीत ऐकायचंय? सुरुवात इथून करा

स्वीडनचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांना 'अ‍ॅबा' आठवतं, तरुण मंडळींना फार तर आविची. पुढे यादी सरकत नाही. हा देश जेमतेम एक कोटी पाच-सहा लाख वस्तीचा, म्हणजे एकट्या मुंबई शहरातसुद्धा त्याहून जास्त माणसं राहतात. तरीही पॉप, जॅझ, लोकसंगीत, मेटल, इलेक्ट्रॉनिक अशा प्रत्येक प्रकारात तिथून सतत चांगले अल्बम येत असतात. नवख्या माणसाची पंचाईत नेमकी इथे होते. एवढ्यातलं आधी काय लावायचं? एखादी तयार प्लेलिस्ट लावली तर पाच मिनिटं गोड पॉप, मग अचानक गुरगुरणारा मेटल, मग दहा मिनिटांचा ऑर्गन. दोन दिवसांत माणूस कंटाळतो आणि 'हे काही आपल्यासाठी नाही' म्हणून सोडून देतो.

माझं सांगणं असं की प्रकारांच्या कप्प्यांत शिरण्याआधी स्वीडनची लोकधून कानात बसवा. ती एकदा बसली की पियानोत, चर्चच्या ऑर्गनमध्ये, नाचाच्या ठेक्यात आणि मेटलच्या गिटारीतसुद्धा तिची ओळख पटत जाते. म्हणून खालचा क्रम साधारणपणे शांत अल्बमकडून दणदणाटाकडे जातो. पहिली शिफारस सोडली तर जवळजवळ सगळे अल्बम २०२० पासूनचे आहेत.

लावण्याआधी

शफल बंद करा. हे सगळे अल्बम सलग ऐकण्यासाठी रचलेले आहेत आणि त्यातले बरेचसे अर्ध्या-पाऊण तासात संपतात. एका वेळी एकच अल्बम घ्या, तोच दोन-तीन दिवस ऐका, मग पुढे जा. पहिल्यांदा हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर ऑर्गन आणि कॉन्ट्राबास (व्हायोलिनच्या घराण्यातलं, उभं राहून वाजवायचं सर्वांत मोठं वाद्य) यांचे खालचे स्वर येतच नाहीत, आणि या संगीताचा निम्मा जीव त्या स्वरांत आहे.

नावांना घाबरू नका. स्वीडिश लिपीत काही अक्षरांच्या डोक्यावर दोन ठिपके किंवा एक गोल असतो. शोधताना ते ठिपके न देता साधी इंग्रजी अक्षरं टाइप केली तरी अल्बम सापडतो. गोलवाल्या 'ए'चा उच्चार 'ओ'च्या जवळ जातो. त्यामुळे मेटलवाला मिकाएल हा 'अकरफेल्ट' नसून 'ओकरफेल्ट', आणि उत्तरेतलं गाव 'उमेआ' नसून 'उमेओ'.

पायरी १: आधी एक जुनी तबकडी

नव्या अल्बमांच्या लेखात १९६४ सालची तबकडी कशाला, असं वाटेल. पण ही ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. यान योहानसन या पियानोवादकाची 'जॅझ पो स्वेन्स्का'. वाद्यं दोनच: त्याचा पियानो आणि येओर्ग रीडेलचा कॉन्ट्राबास. धुना जुन्या, गावोगावच्या वादकांकडून टिपून घेतलेल्या संग्रहातल्या. योहानसनने त्यांना जॅझचा हलका स्पर्श दिला आणि बाकी काहीच केलं नाही. स्वीडनमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला जॅझचा अल्बम हाच.

पहिलंच गाणं आहे 'वीसा फ्रोन उतानमीरा'. उतानमीरा हे दालार्ना प्रांतातल्या सिल्यान सरोवरामधल्या एका बेटावरचं गाव. धून इतकी साधी की दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही ती गुणगुणू लागाल. आता नीट कान द्या. पियानोचा उजवा हात धून वाजवतो, आणि ओळ संपली की थांबतो. त्या थांबण्यात कॉन्ट्राबासचा स्वर विरत जातो. पियानो लगेच पुढची ओळ घेत नाही. ख्यालात गायक एक फिरत घेऊन षड्जावर येतो आणि क्षणभर तंबोराच ऐकू येतो, त्या जागेची सवय असलेल्या कानाला ही शांतता परकी वाटणार नाही. धून उदास आहे, पण रडकी नाही. हा भाव लक्षात ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीवर तो भेटेल.

योहानसन १९६८ मध्ये मोटार अपघातात गेला, वय अवघं ३७. त्याची दोन्ही मुलं, येन्स आणि आंदेर्श, पुढे मेटलमध्ये गेली. एक कीबोर्डवर, एक ड्रमवर, आणि दोघांनीही इंग्वे माल्मस्टीनसारख्या वेगवान गिटारवाल्याला साथ केली. लोकधुनेचा जॅझ वाजवणाऱ्या बापाच्या घरात मेटल वाजवणारी मुलं होतात, ही गोष्ट मला स्वीडनच्या संगीताबद्दल कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगून जाते.

पायरी २: दोन बहिणी आणि एक गिटार

आता आवाजांकडे या. 'फर्स्ट एड किट' म्हणजे योहाना आणि क्लारा सॉडरबेर्ग या सख्ख्या बहिणी, स्टॉकहोमच्या एन्स्केडे या उपनगरातल्या. २००८ मध्ये जंगलात बसून गायलेल्या एका गाण्याचा व्हिडिओ त्यांनी इंटरनेटवर टाकला आणि तिथून नाव झालं. त्या गातात इंग्रजीत, बाज अमेरिकन कंट्रीचा. २०२२ चा 'पालोमिनो' घ्या. आधीचे काही अल्बम त्यांनी अमेरिकेत केले होते, हा मात्र घरी, स्टॉकहोममध्ये केलेला आहे आणि त्यातला मोकळेपणा जाणवतो.

इथे कानाला एक काम द्या. आपल्याकडे दोघं एकत्र गातात ते बहुधा एकाच सुरावटीवर. या बहिणी एकाच वेळी दोन वेगळ्या सुरावटी गातात आणि त्या एकमेकींना चिकटून चालतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त वरचा आवाज धरा. पुन्हा लावा आणि फक्त खालचा धरा. तिसऱ्यांदा दोन्ही सोडून द्या आणि नुसतं ऐका. 'वाइल्ड हॉर्सेस टू' या गाण्यावर हे करून बघा. गाडीतून लांबच्या प्रवासाला निघालेलं एक जोडपं, आणि दोघांना एकाच जुन्या गाण्याची वेगवेगळी रूपं आवडतात. त्याला रोलिंग स्टोन्सचं, तिला ग्रॅम पार्सन्सचं. एवढ्याशा फरकातून त्यांच्यातलं अंतर उलगडत जातं.

त्यानंतर होसे गोन्सालेसचा 'लोकल व्हॅली' (२०२१). आईवडील अर्जेंटिनाचे, हा वाढला गॉथेनबर्गमध्ये. गाणं गाजण्याआधी विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात संशोधन करत होता. नायलॉनच्या तारांची एक गिटार, एक मऊ आवाज, आणि या अल्बमवर पहिल्यांदाच इंग्रजी, स्पॅनिश, स्वीडिश अशा तिन्ही भाषा. स्वीडिश कशी वाजते हे कानाला कळावं म्हणून त्यातलं 'एन स्तुंद पो यूर्देन' ऐका. मूळ गाणं लाले या गायिकेचं. ती इराणमध्ये जन्मलेली. म्हणजे अर्जेंटिनी घरातला मुलगा इराणी मुळाच्या बाईचं स्वीडिश गाणं गातोय. आजच्या स्वीडनमधल्या संगीताचं हेही एक खरं चित्र आहे.

पायरी ३: लोकसंगीत, आजचं

स्वीडिश लोकसंगीतात मुख्य नाच म्हणजे 'पोल्स्का'. तीन मात्रांचा, पण वॉल्ट्झसारखा गोल फिरत नाही. जोर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि कित्येक गावांच्या चालीत एक मात्रा किंचित ताणलेली असते. हातावर ताल धरून पाहा, सुरुवातीला चुकाल. चुकू द्या. चार-पाच धुनांनंतर हात आपोआप बसतो.

वाद्यांत मला सर्वांत प्रिय 'निकेलहार्पा'. गजाने वाजतं, पण डावी बोटं तारांवर नसतात, लाकडी कळांवर असतात. आजच्या निकेलहार्प्याला तीन-चार मुख्य तारांच्या खाली बारा तरफा असतात. होय, सारंगीसारख्या तरफा! गज थांबल्यावरही वाद्य गुंजत राहतं ते त्यांच्यामुळे. ओलोव योहानसन या वादकाचं आणि त्याच्या 'वेसेन' या मंडळीचं काहीही लावा, निराश होणार नाही.

नवा अल्बम म्हणून मी 'गार्मार्ना'चा 'फोरबुंदेत' (२०२०) सुचवीन. उत्तरेकडच्या सुंद्सवाल गावातली ही मंडळी १९९० पासून मध्ययुगीन कथागीतं इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर आणि गिटारींवर घेतात. गायिका एम्मा हेर्देलिन. तिचा आवाज सरळ, कंप जवळजवळ नाहीच. त्यातलं 'त्वो सिस्त्रार', म्हणजे दोन बहिणी, आधी गोष्ट समजून घेऊन ऐका. थोरली बहीण धाकटीला मत्सरापोटी पाण्यात ढकलते. धाकटीच्या देहातून एक वाद्य घडवलं जातं. पुढे थोरलीच्या लग्नात ते वाद्य वाजवायला घेतात तेव्हा ते स्वतःच बोलू लागतं आणि खून उघड करतं. ही गोष्ट उत्तर युरोपभर शेकडो वर्षं गायली गेली आहे. भाषा कळत नसतानाही तुमच्या अंगावर काटा येतो की नाही ते बघा.

पायरी ४: तळघरातला पियानो

एस्ब्यॉर्न स्वेन्सन. हे नाव नव्या श्रोत्याने ऐकलेलं नसेल तर मला त्याचा हेवा वाटतो, कारण त्याच्यापुढे केवढं ऐकायचं शिल्लक आहे. लहानपणच्या दोस्ताला, माग्नुस ऑस्त्रॉमला, ड्रमवर आणि दान बेर्ग्लुंदला कॉन्ट्राबासवर घेऊन त्याने 'ई.एस.टी.' ही त्रयी उभी केली. जॅझच्या मैफलीला रॉकच्या मैफलीसारखी तरुणांची गर्दी या तिघांनी खेचली. २००६ मध्ये अमेरिकेच्या 'डाउनबीट' मासिकाने त्यांना मुखपृष्ठावर घेतलं. युरोपातल्या जॅझ मंडळींपैकी तो मान मिळालेले ते पहिले. आणि १४ जून २००८ ला, स्टॉकहोमजवळच्या समुद्रात पाण्याखाली डायव्हिंग करण्याच्या छंदापायी झालेल्या अपघातात स्वेन्सन गेला. वय ४४.

पुष्कळ वर्षांनी त्याच्या पत्नीला, एवा यांना, त्याच्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये काही ध्वनिमुद्रणं सापडली. जाण्याआधी काही आठवडे घराच्या तळघरात एकट्याने पियानोवर वाजवून ठेवलेली. कोणाला त्याने त्याबद्दल सांगितलेलं नव्हतं. २०२२ मध्ये ती 'होम.एस.' या नावाने निघाली. नऊ रचना, नावं ग्रीक अक्षरांची: आल्फा, बीटा, गॅमा याप्रमाणे. एकूण वेळ छत्तीस-सदतीस मिनिटं.

या अल्बमवर मी तुम्हाला घाईने पुढे जाऊ देणार नाही. रात्री दिवे मंद करून ऐका. यात टाळ्या नाहीत, साथ नाही, कोणाला दाखवायचं म्हणून वाजवलेला एकही स्वर नाही. कुठे बाखच्या वळणाची दोन हातांची विणकाम केल्यासारखी गती आहे, कुठे स्तोत्रासारखी चाल, आणि अधूनमधून तीच पहिल्या पायरीवरची उदास, मोकळी धून. पुन्हा पुन्हा ऐकूनही मला यातला एकही तुकडा अपुरा वाटत नाही.

याच्या जोडीला बोबो स्टेन्सन त्रयीचा 'स्फिअर' (२०२३). स्टेन्सन १९४४ चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर. तो वेस्तेरोस शहरातला, आणि स्वेन्सनचं गाव त्याच परिसरातलं. एका लहान शहराच्या आसपासचे असे दोन पियानोवादक! 'स्फिअर'मध्ये फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याची एक छोटी रचनाही आहे. तिघं ती अशी वाजवतात की कोण कोणाला साथ करतंय ते सांगता येत नाही. आनदेर्श योर्मीनच्या कॉन्ट्राबासवर विशेष लक्ष ठेवा, तो पुष्कळदा गजाने वाजवतो.

पायरी ५: ऑर्गन

आपल्या पेटीत भात्याची हवा पितळी पट्ट्यांतून जाते. चर्चच्या ऑर्गनमध्ये ती नळ्यांतून जाते, आणि सर्वांत लांब नळ्या दोन-तीन मजले उंच असतात. तिथला खालचा स्वर कानाआधी छातीला कळतो. आना फॉन हाउसवोल्फ या गॉथेनबर्गच्या कलावतीने हेच वाद्य आपलं मानलं आहे.

तिचे दोन अल्बम, आणि क्रम उलटवू नका. आधी 'ऑल थॉट्स फ्लाय' (२०२०). यात ती गात नाही, फक्त ऑर्गन. गॉथेनबर्गमधल्या ऑर्ग्रीते नव्या चर्चमधला हा ऑर्गन सतराव्या शतकातल्या जर्मन कारागिराच्या, आर्प श्निटगरच्या, वाद्यांबरहुकूम बांधलेला आहे. तो आजच्या पियानोसारखा समान अंतरांवर लावलेला नाही, जुन्या पद्धतीने लावलेला आहे. त्यामुळे काही स्वरजोड्या विलक्षण शुद्ध लागतात आणि काही खरखरीत. आपल्या कानांना शुद्ध गंधाराची सवय असल्याने हा फरक आपल्याला चटकन कळतो. पाश्चात्त्य मित्रांना तो समजावून सांगावा लागतो, असा माझा अनुभव आहे. अल्बमची कल्पना इटलीतल्या बोमार्त्सो इथल्या दगडी राक्षसांच्या बागेवरून सुचलेली. लांब रचना चालू असताना मध्येच उठू नका. स्वर बदलतात ते फार सावकाश, पण बदलतात.

मग २०२५ च्या ऑक्टोबरअखेर आलेला 'आयकॉनोक्लास्ट्स'. इथे तिचा आवाज परत येतो, ओटिस सांद्शोचा सॅक्सोफोन येतो, ड्रम येतात, एका गाण्यात चक्क अमेरिकन रॉक गायक इगी पॉप येतो. तासाभराहून मोठा, भरगच्च अल्बम आहे. गेल्या काही वर्षांतला स्वीडनचा एकच अल्बम निवडायला सांगितला तर मी हा निवडीन. सॅक्सोफोन आणि ऑर्गन ही जोडी कागदावर विचित्र वाटते. ऐकताना मात्र दोघंही हवेवर चालणारी वाद्यं आहेत हे लक्षात येतं, आणि एकाचा श्वास संपतो तिथे दुसरा उचलून धरतो.

पायरी ६: पॉप

इथे थोडं कारण सांगायला हवं, कारण 'एवढासा देश आणि एवढे पॉपवाले?' हा प्रश्न पडतोच. स्वीडनच्या गावोगावच्या नगरपालिका मुलांसाठी संगीतशाळा चालवतात. फी अगदी कमी, वाद्य पुष्कळदा शाळेकडूनच मिळतं. पोरांनी बँड काढला तर प्रौढशिक्षण संस्थांकडून सरावाची खोली आणि थोडी मदत मिळू शकते. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पंचवीस-तीस वर्षं पहिला क्रमांक मिळवत आलेला गीतकार-निर्माता मॅक्स मार्टिन याच शाळांतून आला आणि ते ऋण त्याने जाहीरपणे मानलं आहे. आपल्या महापालिकांनी इकडे लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं.

'अ‍ॅबा'चा 'व्हॉयेज' नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, आधीच्या अल्बमनंतर बरोबर चाळीस वर्षांनी. आठवणींसाठी नव्हे, बेनी आंदरसनच्या चालींसाठी ऐका. बेनी लहानपणापासून अकॉर्डियन वाजवणारा. दालार्नातल्या ओर्सा गावच्या लोकवादकांबरोबर त्याने ऐंशीच्या दशकात अल्बमही केला. 'व्हेन यू डान्स्ड विथ मी'मध्ये ते गावच्या जत्रेतलं वळण उघड ऐकू येतं.

नव्या पिढीतली सारा लार्सन हिने २००८ मध्ये दहाव्या वर्षी टीव्हीवरची स्पर्धा जिंकली होती. सप्टेंबर २०२५ चा 'मिडनाइट सन' हा तिचा आजवरचा सर्वांत आटोपशीर अल्बम: दहा गाणी, अर्ध्या तासात खेळ खल्लास, आणि उत्तरेकडच्या न मावळणाऱ्या उन्हाळी सूर्याचा उल्हास त्यात भरलेला. हिच्या शेजारी रॉबिन या गायिकेचा 'हनी' (२०१८) ठेवा. थोडा जुना आहे, पण नाचाच्या ठेक्यावर दुःख कसं वाहून न्यावं हे रॉबिनकडून शिकावं. 'मिसिंग यू' पहिलंच गाणं आहे. त्यावर नाचता येतं, पण शब्द ऐकले की पाय जड होतात.

पॉपच्या कडेला उभं असलेलं नाव 'फिव्हर रे', म्हणजे कारिन द्रेयेर. भाऊ ओलोफ याच्याबरोबर त्यांची 'द नाइफ' ही जोडी होती. 'रॅडिकल रोमँटिक्स' (२०२३) या अल्बमची पहिली चार गाणी बहीण-भावंडांनी पुन्हा एकत्र बसून केलेली आहेत. आवाज यंत्रातून खालीवर ताणलेला असतो, कधी म्हातारा, कधी पोरसवदा. सुरुवातीला विचित्र वाटेल. 'ईव्हन इट आउट'पासून सुरू करा. मुलाला शाळेत छळणाऱ्या पोराला पालकाने दिलेला सरळ दम आहे तो!

पायरी ७: मेटल

इथवर आलात तर आता घाबरायचं कारण नाही. गुरगुरता आवाज हा नव्या श्रोत्याचा मुख्य अडसर. त्याला गाणं समजून ऐकू नका, नाटकातलं पात्र समजून ऐका. म्हणूनच सुरुवात 'ओपेथ'च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'ने (नोव्हेंबर २०२४) करायची.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एक श्रीमंत, कर्मठ बाप मेला आहे. हवेलीत त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. जुळी भावंडं हजर आहेत, आणि त्यांच्यासोबत घरानेच वाढवलेली, पोलिओ झालेली एक अनाथ मुलगी. ही इथे का बसली आहे, असा प्रश्न जुळ्यांना पडतो. इस्टेट, वारस, घराण्याची झाकलेली पापं: मराठी नाटकं बघत मोठ्या झालेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगायला नको. गाण्यांना नावंच नाहीत, मृत्युपत्राच्या कलमांचे आकडे आहेत, एक ते सात. फक्त शेवटच्या गाण्याला नाव आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', आणि खरं रहस्य तिथे आहे. ते मी फोडणार नाही. शब्द समोर उघडून ठेवा आणि सलग ऐका.

मिकाएल ओकरफेल्टने २००८ नंतरच्या अल्बमांवर गुरगुरणं सोडून दिलं होतं. इथे ते परत आलं, आणि मला तो आवाज मेलेल्या बापाचाच वाटतो, खोलीत अजून हुकूम सोडणाऱ्या. निवेदनाला आणि बासरीला 'जेथ्रो टल' या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन आहे. आणि बारकाईने ऐकलंत तर एका कलमात 'युरोप' बँडचा जोई टेम्पेस्टही साथीला सापडेल. पुण्यातल्या ज्या रसिकांनी २०१९ च्या अखेरीस एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवात ओपेथ प्रत्यक्ष ऐकलं, त्यांनी तर हा अल्बम चुकवूच नये.

मग 'मेशुगा'. उत्तरेतल्या उमेओ गावचे. अल्बम 'इम्यूटेबल' (२०२२). तबला शिकलेल्यांसाठी ही खास शिफारस. गिटारींना आठ तारा आहेत आणि त्या विषम मात्रांचे तुकडे घासत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं ताल हरवला. हरवलेला नसतो. टोमास होकेच्या ड्रमवर एक झांज चार मात्रा इमाने-इतबारे मोजत असते. त्या झांजेवर हात धरा, गिटारीकडे दुर्लक्ष करा, आणि काही आवर्तनांनंतर दोन्ही एकाच क्षणी समेवर येऊन पडतात. पहिल्यांदा ही सम सापडेल तेव्हा तोंडातून 'क्या बात है' निघतंच.

गॉथेनबर्गचं घराणं वेगळं. नव्वदच्या दशकात तिथल्या पोरांनी डेथ मेटलच्या गोंगाटावर दोन गिटारींची सुरेल जोडधून बसवली, आणि ती जोडधून ऐकताना पोल्स्काच आठवतो. मूळ ऐकायचं तर 'अ‍ॅट द गेट्स'चा 'स्लॉटर ऑफ द सोल' (१९९५), आजचं ऐकायचं तर 'डार्क ट्रँक्विलिटी'चा 'एंडटाइम सिग्नल्स' (२०२४).

ज्यांना हे सगळंच जड जातं त्यांनी 'घोस्ट'चा 'स्केलेटा' (२०२५) लावावा. लिंकोपिंगच्या टोबियास फोर्जची ही मंडळी मुखवटे घालून, पाद्र्यासारख्या वेशात, सैतानाची सोंगं आणत वाजवते. ते सोंग बाजूला ठेवलं तर आत ऐंशीच्या दशकातलं सुरेल, गोड हार्ड रॉक आहे. हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला.

पायरी ८: रॉक, उडत्या चालीने

'द हाइव्ज' फागेर्स्टा या कारखान्यांच्या गावचे, कायम काळ्या-पांढऱ्या सुटात. २०२३ मध्ये अकरा वर्षांनी परतले, २०२५ मध्ये पुन्हा नवा अल्बम आणला. दोन्हींतली कुठलीही पाच गाणी सकाळी आवरताना लावा. 'व्हायाग्रा बॉईज'ची भाषा शिवराळ आहे, घरात मोठ्याने लावण्याआधी विचार करा. पण २०२५ च्या त्यांच्या अल्बमवर एक गाणं गायकाच्या कुत्र्याच्या तोंडून आहे आणि ते मनापासून गायलेलं आहे. 'गोट' मुखवटे घालून आफ्रिकन ठेक्यांवर सायकेडेलिक गिटारी वाजवतात, २०२४ चा अल्बम बँडच्याच नावाचा. आणि स्वीडिशमध्येच गाणाऱ्या 'दुंगेन'चा २०२२ चा अल्बम रेइने फिस्के या गिटारवादकासाठी ऐका.

आणि आपल्याकडचा धागा

स्वीडिश संगीताशी आपला संबंध फार जुना आहे. 'मिंता' या स्टॉकहोमच्या मंडळींत मुंबईचे फजल कुरेशी तबल्यावर आणि शंकर महादेवन गायनाला अशी वर्षानुवर्षं साथ राहिली आहे. बोल, तराण्याची अंगं आणि स्वीडिश धून एकत्र ऐकायची तर त्यांचा कुठलाही अल्बम घ्या. 'हॉट मद्रास' सहज मिळण्यासारखा आहे. स्टॉकहोमचा पोलार संगीत पुरस्कार १९९८ मध्ये पंडित रविशंकर यांना मिळाला. तो सुरू केला स्टिग आंदरसनने, म्हणजे 'अ‍ॅबा'च्याच व्यवस्थापकाने.

पुढची वाट तुम्हीच शोधा. त्यासाठी तीन जागा उपयोगी पडतील. एक, 'ग्रॅमिस' हे १९६९ पासूनचे स्वीडिश पुरस्कार. त्यांच्या दर वर्षीच्या नामांकनांत जॅझ, लोकसंगीत, हार्ड रॉक असे वेगवेगळे विभाग असतात. विजेत्यांपेक्षा नामांकनांची यादी जास्त कामाची. दोन, अल्बम आवडला की त्याची कंपनी बघा. पियानोचे जॅझ अल्बम 'एसीटी' आणि 'ईसीएम' या दोन जर्मन कंपन्यांकडे सापडतील, स्टॉकहोमच्या तरुण प्रयोगशील मंडळींसाठी 'इयर झीरो झीरो झीरो वन'. तीन, साथीदारांची नावं वाचा. 'आयकॉनोक्लास्ट्स'वरचा सॅक्सोफोन आवडला असेल तर ओटिस सांद्शोचे स्वतःचे अल्बम आहेत, 'स्फिअर'वरचा कॉन्ट्राबास आवडला असेल तर योर्मीनचे आहेत. आणि बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर मिळत असेल तर एखादा तरी अल्बम विकत घ्या. लोकसंगीतवाल्या छोट्या मंडळींना स्ट्रीमिंगच्या पैशांवर दौरा काढता येत नाही.